आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी पाणथळीची फेरी

माझ्या आईने ब्रह्मगिरीची फेरी वीसेक श्रावण तरी केली असेल. मग गुडघे गेले. आधी काठी आली, मग जिने बंद झाले आणि शेवटी घराबाहेर पडणं म्हणजे दवाखाना नाहीतर कुणाचं तरी लग्न, एवढंच उरलं. डोंगर संपले, रान संपलं, असं तिने मनाशी धरूनच टाकलं होतं. अशातच एका डिसेंबरात मी तिला नांदूर मध्यमेश्वरला घेऊन गेले. त्या दिवशी ती जेमतेम तीनशे पावलं चालली असेल. बाकीचा सगळा वेळ खुर्चीत बसून होती. परत येताना गाडीत म्हणाली, "अगं, हे मला जमतंय की."

तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही जमेल तितक्या पाणथळ जागा पाहतो. कधी काठी घेऊन, अलीकडे बरेचदा चाकाच्या खुर्चीतून. ज्यांच्या घरात कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला धाप लागते, कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणी चाकाच्या खुर्चीत आहे किंवा कडेवरचं मूल आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पक्षी अजिबात ओळखता येत नसले तरी चालेल. आम्हालाही येत नव्हते.

जंगलात प्राणी दिसायचा तर आत जावं लागतं, चढावं लागतं, आणि एवढं करून तो दिसेलच असं नाही. पाण्यावर सगळं उघड्यावर असतं. शेकडो बदकं समोर तरंगत असतात आणि आपण कडेला बसून पाहायचं असतं. शिवाय पाणी अडवायला घातलेला बांध सपाटच असतो. त्याच्यावरून किंवा कालव्याच्या कडेने जाणारा रस्ता चढ-उताराविना कितीतरी लांब जातो. थकलेल्या पायांना याहून सोयीचा निसर्ग मला तरी माहीत नाही.

पाणथळ म्हणजे फक्त अभयारण्य असा समज असेल तर तो सोडा. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या व्याख्येत दलदल, तळी, खाड्या, खारफुटी तर आहेतच, पण माणसाने बांधलेली जलाशयं आणि मिठागरंही आहेत. म्हणजे धरणाचा फुगवटा आणि तुमच्या गावामागचा पाझर तलावसुद्धा पाणथळच. पहिली फेरी तिथेच करायला हरकत नाही.

आधी घरी मोजा

सुरुवात ठिकाण शोधण्यापासून करू नका. ज्या माणसाला घेऊन जायचंय त्याला न बसता किती चालता येतं, ते आधी बघा. आमच्या सोसायटीच्या गेटपासून देवळापर्यंत दोनशे पावलं आहेत. तिथपर्यंत आई एका दमात जाते, मग बसावं लागतं. आमच्या सगळ्या सहलींचं माप ते दोनशे पावलं.

जितकी ताकद आहे तिचा एक भाग जाण्यासाठी, एक परत येण्यासाठी आणि एक शिल्लक. पाणी बघण्याच्या आनंदात जाताना पाय दुखल्याचं कळत नाही, ते परतीच्या वाटेवर कळतं. "अजून थोडं पुढे जाऊ" असं आई म्हणते तेव्हा मी खुर्ची तिथेच मांडते.

कुठलं पाणी निवडायचं

नवख्यांसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे बंधारा किंवा लहान धरण, जिथे गाडी पाण्याच्या जवळपर्यंत जाते. नांदूर मध्यमेश्वर तसंच आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि गाळाची बेटं तयार झाली, त्यावर पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी आले. १९८६ साली ते अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे त्या कराराच्या आंतरराष्ट्रीय यादीतली जागा, म्हणून जाहीर झालं. पाणी उथळ असल्यामुळे पक्षी काठाच्या बरेच जवळ येतात. डोळे अधू असलेल्या माणसासाठी याचं मोल फार आहे.

धरणाचा मोठा फुगवटा म्हटलं की भिगवण आठवतं. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी तिथे पसरलेलं आहे आणि रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगोंसाठी) लोक कुंभारगाव, डिकसळ भागात जातात. इथे एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. सिंचनासाठी पाणी सुटत जातं तसा काठ मागे सरकत जातो. नोव्हेंबरात जिथे पाणी होतं तिथे मार्चमध्ये वाळलेल्या गाळाचा पट्टा असतो. रोहित पक्ष्यांना हीच उथळ दलदल हवी असते, म्हणून ते उन्हाळ्याच्या तोंडावर छान दिसतात. पण तोवर रस्त्यापासून पाण्यापर्यंतची चाल वाढलेली असते. बरंचसं पक्षिनिरीक्षण तिथे मच्छीमारांच्या होडीतून होतं. होडीची कड ओलांडून आत उतरता येईल का, हा गुडघेदुखीच्या माणसासाठी खरा प्रश्न. नावाडी मदत करतात, पण निघण्यापूर्वीच त्यांना सांगून ठेवा, म्हणजे होडी फळी टाकता येईल अशा जागी लागते.

ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. मुंबईकरांनी ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रापासून सुरुवात करावी. खारफुटीची माहिती तिथे नीट मांडलेली आहे. नवी मुंबईत पाम बीच रस्त्याला लागून नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई आहे. तिथे तळ्याभोवती चालायला पक्की, सपाट वाट आहे. रानाचा अनुभव मिळणार नाही, पण चाकाची खुर्ची पहिल्यांदा बाहेर काढायची असेल तर अशीच जागा हवी.

गोव्याला जाणार असाल तर जुन्या गोव्याजवळचं करमळीचं तळं चुकवू नका. कोकण रेल्वेचं करमळी स्थानक तळ्याला लागूनच आहे. चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीतून वाट जाते. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की लगेच अभयारण्य लागतं, त्यामुळे चालणं कमी.

आणि लोणार? तेही २०२० पासून रामसर स्थळ आहे आणि जन्मात एकदा पाहावं असंच आहे. पण ते बेसाल्टच्या खडकातलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे, पाणी तळाशी आणि उतार तीव्र. गुडघ्यांना घेऊन खाली उतरायचं नाही. काठावरून बघा, तिथूनच तर विवराचा पूर्ण गोल दिसतो.

फोन करून काय विचारायचं

ठिकाण ठरलं की गुगल मॅपवर सॅटेलाइट चित्र लावून बघा. रस्ता कुठे संपतो, तिथून पाणी किती लांब आहे, बांधावर झाडं आहेत का, हे बऱ्यापैकी कळतं. मात्र ते चित्र कोणत्या महिन्यातलं आहे याचा भरवसा नसतो, म्हणून फोन करायलाच हवा: वन खात्याच्या स्थानिक कार्यालयात किंवा तिथल्या एखाद्या गाईडला.

"रस्ता चांगला आहे का?" असं विचारू नका. याचं उत्तर सगळीकडे "हो, एकदम मस्त आहे" असंच येतं, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. तो रोज त्या वाटेने सायकल मारतो. ज्याचं उत्तर नेमकं द्यावं लागेल असं विचारा. गाडी कुठपर्यंत येते? गाडीतून उतरल्या जागी पाणी दिसतं का? तिथून पहिली बसायची जागा किती पावलांवर? वाटेत पायऱ्या किती, आणि त्यांना कठडा आहे का? गेटमधून चाकाची खुर्ची जाईल का, की माणूस तिरका होऊन जाईल असं फिरतं फाटक आहे? गेल्या चार दिवसांत पाऊस झाला का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, संडास आहे का, कमोडचा आहे का, त्याला कुलूप असतं का आणि किल्ली कुणाकडे असते?

हा शेवटचा प्रश्न विचारायला मला सुरुवातीला संकोच वाटायचा. आता नाही वाटत. संडासाची सोय नसेल तर म्हातारी माणसं सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि उन्हात दोन तासांनी त्यांना चक्कर येते. हे माझ्या आईच्या बाबतीत झालंय. तिने मला सांगितलंच नव्हतं की ती मुद्दाम पाणी पीत नाहीये.

बहुतेक ठिकाणी पक्षी पाहायला मनोरे असतात आणि फोटोही त्यांचेच छापलेले असतात. मनोरा म्हणजे जिना. तो यादीतून आधीच काढून टाका. पक्षी खालूनही दिसतात.

कोणत्या महिन्यात, किती वाजता

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. उत्तरेकडची स्थलांतरित बदकं या काळात असतात आणि ऊन सोसवतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा कामाच्या नाहीत.

पक्षी बघायचे तर पहाटे सहाला पोहोचलंच पाहिजे, असं तुम्हाला सगळे सांगतील. रानातल्या गाणाऱ्या पक्ष्यांसाठी ते खरं आहे. पाण्यावरच्या बदकांसाठी तितकंसं नाही. त्यांच्यातली बरीचशी रात्री चरतात आणि दिवसा उघड्या पाण्यावर आराम करतात, त्यामुळे ती नऊलाही तिथेच असतात. थंडीची लाट आली की निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात वाचायला मिळते. तशा गारठ्यात आखडलेल्या गुडघ्यांना पहाटे उठवून गाडीत घालणं म्हणजे दिवस खराब करणं. आम्ही घरी शेक घेऊन, नाश्ता करून निघतो आणि साडेआठ-नऊला पोहोचतो. अकरानंतर वारा सुटतो, पाण्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून सगळं हलल्यासारखं दिसतं; तोवर आटपायचं. नाहीतर दुपारी चारनंतर यायचं.

सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा. सकाळी पाण्याच्या पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेकडे पाहायचं, संध्याकाळी उलट. हे चुकलं तर रंगीत पक्षीसुद्धा काळे ठिपके होऊन बसतात.

खाडीचं वेळापत्रक वेगळं. तिथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघायची. ओहोटीला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि रोहित पक्षी तिथे पांगून चरतात. भरती चढली की त्यातले बरेच नेरूळ-सीवूड्सकडच्या तळ्यांवर येऊन थांबतात. म्हणजे होडीत न बसता, काठावरून पाहायचं असेल तर भरतीची वेळ साधा. वेळ काढायला आपल्याकडचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कोणत्या रविवारी जायचं हे कालनिर्णय बघून ठरवण्यापुरता पुरतो. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्या.

डिकीत काय हवं

हातांची प्लॅस्टिकची खुर्ची. हे सगळ्यात वर लिहिते. ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारी घडीची छोटी स्टुलं गुडघेदुखीच्या माणसाला देऊ नका. इतक्या खालून उठताच येत नाही. उंच बैठकीची, हातांना धरून उठता येईल अशी घरातलीच खुर्ची न्या. पांढरी असेल तर तिच्यावर जुनी मळकट चादर टाका, कारण पांढरा रंग पक्ष्यांच्या लगेच नजरेत येतो. मऊ जमिनीत खुर्चीचे पाय रुततात, तिथे खाली दुमडलेलं पोतं घाला. आम्ही पाय ठेवायला जेवणाचा लाकडी पाटही नेतो. ओल्या जमिनीचा गारवा तळव्यांना लागत नाही, आणि गुडघा थोडा वर राहिला की आईला बरं वाटतं.

दुर्बीण एकच, पण बरी घ्या. आठ पट मोठं दाखवणारी, जिच्यावर ८×४२ किंवा ८×३२ असं लिहिलेलं असतं. दहा पटीची घ्यावीशी वाटते, पण हात कापत असेल तर तिच्यात चित्र जास्त हलतं. कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवली की निम्मी थरथर थांबते. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी कडा आत फिरवून किंवा दुमडून घ्या आणि चष्म्यावरूनच दुर्बीण लावा. हे कुणी न सांगितल्यामुळे आई दोन सहली चष्मा काढून धूसर पाणी बघत होती आणि "दिसतंय, दिसतंय" म्हणत होती.

कानटोपी, स्वेटर, पाणी, मीठ-साखरेची पुडी, रोजच्या गोळ्या, डास पळवायचं मलम, कोरडे मोजे. कपडे खाकी, करडे, मातकट. खायला दशम्या, चटणी आणि गूळ-शेंगदाणे.

प्रत्यक्ष फेरी

नांदूर मध्यमेश्वरला नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटर जावं लागतं. वाटेत द्राक्षबागा, उसाचे ट्रॅक्टर, मधूनच पाटाचं पाणी. चापडगावच्या बाजूने आत गेलात की गाईड भेटतात. गावातलीच मुलं असतात, आणि आज कोणता पक्षी कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. गाईड जरूर घ्या. त्याला पहिल्याच वाक्यात सांगा, "आमच्याबरोबर आई आहेत, त्यांना फार चालवत नाही. शंभर पक्षी दाखवू नकोस, पाचच दाखव, पण निवांत." त्याचा चेहराच बदलतो. मग तो भराभर पुढे धावत नाही.

गाडीचे दरवाजे हळू लावा. खरं तर उतरायच्या आधी दहा मिनिटं काचा खाली करून, इंजिन बंद करून गाडीतच बसा. पक्षी गाडीला तितकं घाबरत नाहीत जितकं चालत येणाऱ्या माणसाला घाबरतात. आईला ज्या दिवशी उतरायचं जिवावर येतं त्या दिवशी आमची सहल गाडीतच होते, आणि ती काही कमी प्रतीची नसते.

उतरल्यावर चाल सुरू करा ती आधी मोजलेल्या पावलांपुरतीच. वाट मातीची असेल तर चाकोरी टाळून मधल्या उंचवट्यावरून चाला. काठी पाण्याच्या बाजूच्या हातात नको, काठ ढिसूळ असतो. गवतात पाय घालू नका, तिथे साप असू शकतो आणि तो आपल्याला दिसत नाही. बसायची जागा निवडताना पाठीमागे झाड किंवा झुडूप असू द्या, म्हणजे आपली आकृती आभाळावर उठून दिसत नाही.

आणि मग बसून राहा. पहिल्या पाच मिनिटांत काहीच दिसत नाही, सगळे आपल्याला बघून लांब गेलेले असतात. पंधराव्या मिनिटाला ते परत येऊ लागतात.

त्या पहिल्या डिसेंबरात आमच्यापासून वीसेक फुटांवर पाणकणसांच्या बेटातून एक जांभळी पाणकोंबडी बाहेर आली. निळाजांभळा रंग, लाल चोच, कपाळावर लालच टिळा, पाय लांब. तिने एक कोवळा दांडा मुळापासून उपटला. एका पायावर उभी राहिली, दुसऱ्या पायाच्या लांब बोटांत तो दांडा आवळून धरला, आणि चोचीने वरची साल सोलून आतला पांढरा गाभा खाऊ लागली. साल एकीकडे पडत होती. आई कुजबुजली, "अगं, पोपटासारखी हातात धरून खातेय बघ. उसाचं कांडं सोलावं तशी." तेवढ्यात शेपटी झटकत तिने दुसरा दांडा उपटला. आम्ही वीस मिनिटं त्या एकाच पक्ष्याकडे बघत होतो. तोवर आमच्या मागून दोन मोठे घोळके कॅमेरे घेऊन पुढे निघून गेले आणि परतही आले.

उठताना घाई करू नका. बराच वेळ बसल्यावर गुडघे आखडतात. आधी बसल्याजागी पाय दहा वेळा पुढे-मागे करा, मग उभं राहा, अर्धा मिनिट थांबा, मगच पाऊल टाका.

चाकाची खुर्ची असेल तर

काँक्रीट, डांबर आणि चांगला दाबलेला मुरूम, यांवर खुर्ची चालते. वाळू, सुटी खडी आणि ओली काळी माती यांवर नाही. दोन वर्षांपूर्वी एका तलावावर, पाऊस होऊन दोनच दिवस झाले होते तेव्हा मी "वरून तर कोरडं दिसतंय" म्हणून खुर्ची बांधाखाली नेली. दहा पावलांत पुढची छोटी चाकं गेली आत. काळी माती चाकाला आणि चौकटीला इतकी चिकटली की चाक फिरेना. आई वर, मी खाली आणि फोनला रेंज नाही. जवळच्या उसाच्या फडातली चार माणसं धावत आली, त्यांनी खुर्ची आईसकट उचलली आणि मुरमावर ठेवली. आईला ऊस खायला दिला. मी तेव्हापासून पावसानंतर किमान चार दिवस काळ्या मातीकडे फिरकत नाही, आणि आधी स्वतःची टाच दाबून बघते. टाच रुतली तर खुर्ची नक्की रुतणार.

थोडीच मऊ जागा ओलांडायची असेल तर खुर्ची किंचित मागे कलती करून उलटी ओढत न्या. मोठी मागची चाकं मऊ जमिनीवरून जातात, छोटी पुढची रुततात. उतारावरून खाली जातानाही खुर्ची उलटीच न्यायची, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही आणि आपण खालच्या बाजूला आधाराला असतो. रॅम्प असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण धरतात; त्याहून खडा असेल तर दोन माणसं लागतील. काठावर खुर्ची पाण्याकडे तोंड करून लावू नका, काठाला समांतर लावा आणि दोन्ही ब्रेक ओढा.

खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार-चार फुटांवर असतात. बऱ्याच ठिकाणी कठड्याची आडवी दांडी नेमकी त्याच उंचीवर येते, किंवा पुढ्यात पाणकणसं उभी असतात. आपल्याला उभ्याने सगळं दिसत असतं आणि त्यांना फक्त लोखंडी दांडी दिसत असते. म्हणून जागा ठरवताना त्यांच्या शेजारी उकिडवे बसा आणि तिथून बघा. नाही दिसत? चार पावलं सरका. आणि वन खात्याच्या अभिप्राय वहीत हे नेमकेपणाने लिहा: कुठल्या कठड्याची दांडी आड येते, कुठे रॅम्प हवा. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता याव्यात असंच सांगतो. ही मागणी म्हणजे कुणाकडे मेहेरबानी मागणं नव्हे.

पहिल्या दिवशी ओळखायचे पक्षी

पुस्तक उघडून पानंच्या पानं चाळू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरा, नजर न हलवता दुर्बीण वर आणा, मग दिसतो. पहिल्या फेरीला चार नावं पुष्कळ झाली.

वारकरी, याला कुणी चांदवा म्हणतात. काळाकुळकुळीत, कपाळ आणि चोच पांढरीशुभ्र, पाण्यावर मोठ्या संख्येने. उडताना पाण्यावर पळत पळत वेग घेतो. हे नाव आमच्या आईला इतकं आवडलं की आता ती थवा दिसला की "दिंडी आली" म्हणते.

शेकाट्या. काठाजवळच्या उथळ पाण्यात, काळे पंख, पांढरं अंग आणि काडीसारखे लांब गुलाबी पाय. डोळे अधू असतील तर याच्यापासूनच सुरुवात करा, कारण तो जवळ असतो आणि फार लाजत नाही.

कमळपक्षी. पायाची बोटं इतकी लांब की तरंगत्या पानांवरून तो चालत जातो. याच्या एका जातीला विणीच्या दिवसांत लांब डौलदार शेपूट असते, हिवाळ्यात ती गळून गेलेली असते. चित्रातल्यासारखा दिसला नाही म्हणून गोंधळू नका.

चक्रवाक. नारिंगी-तांबूस अंगाचं मोठं बदक, बहुधा जोडीने. मध्य आशिया, तिबेट, लडाखकडून हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा. जोडी रात्री ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारते, अशी जुन्या काव्यातली कल्पना. आईने शाळेत पाठ केलेल्या कवितांमधून तिला हे नाव माहीत होतं, पक्षी मात्र तिने पंचाहत्तरीजवळ आल्यावर पाहिला. त्या दिवशी ती गाडीत फार बोलली नाही.

एवढं मात्र टाळा

पक्ष्यांना शेव, गाठ्या, पाव टाकू नका. खाडीवर लोक सर्रास टाकतात आणि त्याने त्यांचं पोट बिघडतं, सवय बिघडते. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे लोक मी पाहिलेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला खाणं-विश्रांती सोडून उगीच उडायला लावणं फार वाईट. ड्रोन नको. कचरा डिकीत परत.

घरी आल्यावर

एका वहीत त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते, तीही टाका. पण वाटेची नोंद कुठेच मिळत नाही, ती आपल्यालाच करावी लागते आणि पुढच्या घराला द्यावी लागते. आमच्या वहीतलं एका पाझर तलावाचं पान असं आहे:

"गाडी भिंतीच्या टोकापर्यंत जाते. तिथून बाभळीपर्यंत १४० पावलं, मुरूम, सपाट. बाभळीखाली सकाळी दहापर्यंत सावली. पायऱ्या नाहीत. संडास शाळेत, रविवारी बंद, किल्ली समोरच्या किराणा दुकानात मिळते. खुर्चीतून पाणी दिसतं, डावीकडे झुडूप आड येतं. शेकाट्या ११, वारकरी मोजले नाहीत. आई दीड तास बसली. पुढच्या वेळी पाट विसरायचा नाही."